बागचींच्या याद्या

प्राचीन भारत-चीन संबंधांचे अभ्यासक प्रबोधचंद्र बागची यांचे नाव मी प्रथम एका तळटीपेत वाचले आणि पुढची कितीतरी वर्षे ते माझ्यापुरते तळटीपेतच राहिले. वर्गात प्राचीन भारत आणि चीन यांच्या संबंधांवर बोलताना फाहियान आणि ह्युएनत्संग ही दोन नावे घेतली की तास निभावून जातो. मीही तो तसाच निभावत आलो. निवृत्तीनंतर बागची सवडीने वाचले, तेव्हा आपण काय गाळले होते ते ध्यानात आले.

बागचींचा जन्म १८९८चा. कलकत्ता विद्यापीठातून प्राचीन भारतीय इतिहासात एम.ए. झाल्यावर ते तिथेच शिकवू लागले होते. त्याच सुमारास सिल्व्हाँ लेव्ही हे फ्रेंच पंडित शांतिनिकेतनात आले आणि विद्यापीठाचे कुलगुरू आशुतोष मुखर्जी यांनी या तरुण अध्यापकाला त्यांच्याकडे चिनी आणि तिबेटी शिकायला पाठवले. पुढे लेव्हींबरोबर नेपाळ, मग हिंदचीन आणि जपान, आणि १९२३ ते १९२६ पॅरिस, असा त्यांचा प्रवास झाला. पॅरिसला पॉल पेलिओ आणि आँरी मास्पेरो यांच्यासारखे चिनी विद्येचे जाणकार त्यांना गुरू म्हणून लाभले.

त्यांच्या १९४४च्या भारत-चीनविषयक इंग्रजी पुस्तकाचे नाव बहुतेकांना ठाऊक असते, पण माझ्या मते त्यांचे खरे काम त्याआधीच्या फ्रेंच ग्रंथांत आहे, आणि ते ग्रंथ म्हणजे मुख्यतः याद्या आहेत. १९२७ आणि १९३८ साली दोन खंडांत आलेल्या ग्रंथात त्यांनी चीनमध्ये बौद्ध ग्रंथांचे भाषांतर करणाऱ्यांची कालक्रमाने नोंद केली: कोण, कुठला, केव्हा आला, कोणते ग्रंथ त्याच्या नावावर आहेत. ही नोंद वाचताना एक समजूत ढासळते. आपल्याला वाटते की धर्म भारतातून थेट चीनमध्ये गेला. पण इसवी सन १४८ मध्ये चीनच्या लोयांग या राजधानीत आलेला आन शिगाव पार्थियन, म्हणजे इराणकडचा होता, आणि ४०१ मध्ये चांगआन या दुसऱ्या राजधानीत पोचलेल्या कुमारजीवाचा जन्म मध्य आशियातल्या कुचाचा. वाटेवरची ही माणसे केवळ निरोपे नव्हती. धर्म चिनी भाषेत बोलू लागला तो त्यांच्या कष्टांमुळे.

हे काम इतिहासाइतकेच ध्वनिशास्त्राचेही होते. ह्युएनत्संगने आपल्या महाराष्ट्राचे नाव ज्या चिनी अक्षरांत लिहिले, त्यांचा आजचा उच्चार ‘मोहलाचा’ असा काहीसा होतो. चिनी अक्षरांचे तत्कालीन उच्चार ठाऊक असल्याशिवाय अशा शब्दामागचे संस्कृत सापडत नाही. म्हणूनच बागचींनी जुने संस्कृत-चिनी शब्दकोश संपादित केले. त्यांपैकी इत्सिंग या चिनी प्रवासी भिक्षूच्या नावावरील कोशाची सुरुवात स्वर्ग, पृथ्वी, सूर्य, चंद्र अशी, एखाद्या बाळबोध उजळणीसारखी होते. (आपल्याकडे पुण्यात पु. वि. बापट यांनी पालीतल्या विसुद्धिमग्ग या बौद्ध ग्रंथाची चिनी भाषांतरात उरलेल्या विमुत्तिमग्ग या ग्रंथाशी तुलना केली, ती १९३७मध्ये. मराठी वाचकाने हे नाव विसरू नये.)

चीनने भारताकडून काय घेतले, याकडे बागचींच्या १९४४च्या पुस्तकाचा ओढा अधिक आहे आणि तो आज खटकतो. त्या काळातल्या राष्ट्रीय भावनेचा तो भाग असावा. तरीही उलट दिशेच्या खुणा त्यांनी लपवल्या नाहीत. कामरूपाच्या (आजच्या आसामच्या) राजाला लाओत्से या चिनी तत्त्वज्ञाच्या ग्रंथाविषयी कुतूहल होते आणि त्याचे संस्कृत भाषांतर करण्याचे काम ह्युएनत्संगवर आले, या चिनी परंपरेतल्या हकिकतीची दखल त्यांनी घेतली.

१९४७-४८ मध्ये ते पेकिंग विद्यापीठात शिकवत होते, १९५४ मध्ये विश्वभारतीचे उपाचार्य, म्हणजे कुलगुरू, झाले आणि १९५६ च्या जानेवारीत, त्या पदावर असतानाच, त्यांचे निधन झाले.

त्यांनी इंग्रजीत आणलेल्या मजकुरांपैकी मी पुन्हा पुन्हा वाचतो ती ह्युएनत्संग आणि त्याचे भारतीय मित्र यांची पत्रे. सातव्या शतकाच्या मध्यावर बोधगयेच्या महाबोधी विहारातून प्रज्ञादेव त्याला पांढऱ्या वस्त्रांची जोडी पाठवतो आणि वाट लांबची आहे, भेटवस्तूच्या लहानपणाकडे पाहू नये, अशी विनवणी करतो. शिवाय, हवे ते ग्रंथ कळवलेत तर नकलून पाठवू, असेही लिहितो. ह्युएनत्संगाच्या उत्तरात नालंदातले आपले गुरू शीलभद्र यांच्या निधनाचे दुःख आहे. सिंधू ओलांडताना पोथ्यांचे एक ओझे वाहून गेले होते, तेही तो कळवतो, आणि त्या पोथ्यांची यादी पत्रासोबत धाडतो.