हौज कटोरा : आधी हौद बघा, मग इमारत

अमरावती जिल्ह्यातल्या अचलपूरच्या पश्चिमेला साधारण तीन किलोमीटरवर, शेतशिवारात, एका हौदाच्या मधोमध आठ कोनांची एक तीन मजली इमारत उभी आहे. तट नाही, तोफा नाहीत, मशीद नाही, कबरही नाही. पाण्याच्या मधोमध बसून गार हवा खायची, एवढ्यासाठी कुणीतरी हा पसारा मांडला. बांधकाम वऱ्हाडातल्या इमादशाही सुलतानांच्या राजवटीतलं, म्हणजे १४९० ते १५७४ या काळातलं मानतात. मुळात मजले पाच होते आणि वरचे दोन पुढे एका नवाबाने आपल्या बांधकामाच्या सामानासाठी उतरवले, असं सांगतात.

येणारे बहुतेक जण सरळ आत शिरतात, वर बघतात, दोन फोटो काढतात आणि निघतात. उलट करा. आधी हौदाच्या काठाने पूर्ण फेरी मारा. आज हौदात पूर्वीसारखं पाणी राहत नाही, आणि पाण्याविना ही इमारत अर्धीच कळते.

तिचं काम कूलरसारखं आहे. वैशाखातली कोरडी हवा पाण्यावरून गेली की पाणी वाफ होताना हवेतली उष्णता ओढून घेतं. आठ बाजूंना कमानी असल्याने वारा कुठूनही आला तरी एखादी कमान त्याच्या तोंडाशी येतेच. हवा जितकी कोरडी तितका गारवा जास्त. म्हणून एप्रिल-मेमध्ये वऱ्हाडात ही युक्ती चालते आणि श्रावणात फसते. दमट हवेत पाण्याची वाफ फारशी होत नाही, नुसती चिकचिक होते. वर जावं तसा वाराही वाढतो. म्हणजे नवाबाने उतरवले ते बहुधा सगळ्यात सुखाचे मजले असावेत!

पाण्यातल्या बांधकामाची खरी गोम चुन्यात असते. साधा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू घट्ट होतो. पाण्याखाली त्याला हवा मिळत नाही, तो मऊच राहतो. म्हणून जुने गवंडी ओलीच्या जागी चुन्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड मिसळत. सुरखीचा चुना ओलाव्यातही धरतो. खाली पडलेल्या चुन्याच्या ढेपेत विटकरी कण दिसले तर ही सुरखी असू शकते. ढेप बघा, पण भिंतीतून उकरू नका.

अष्टकोनाचा आणखी एक फायदा. चौकोनी खोलीवर घुमट चढवायचा तर चारही कोपऱ्यांत आडव्या कमानी टाकून सहसा आधी आठ बाजू कराव्या लागतात. इथे भिंतीच आठ आहेत, वर्तुळाच्या जवळ.

मापं घ्यायची असतील तर टेप एका बाजूला लावला तरी पुरतं. बाजूच्या लांबीला २.४१४ ने गुणलं की समोरासमोरच्या भिंतींमधलं अंतर निघतं. बाजू ५ मीटर भरली तर ते १२ मीटरच्या थोडं वर. उंचीसाठी १ मीटरची काठी उभी रोवा. काठीची सावली आणि इमारतीची सावली लागोपाठ मोजा; इमारतीची सावली ती ज्या बाजूला पडते त्या बाजूच्या भिंतीच्या पायापासून धरा. इमारतीची सावली भागिले काठीची सावली, म्हणजे उंची मीटरमध्ये. घोळ होतो तो जमिनीने. सावली काठाकडे चढत्या भागावर पडली की आखूड होते आणि उंची कमी निघते. सपाट बाजू मिळेपर्यंत थांबा, सकाळी दहाच्या सुमारास बरं पडतं. उन्हाळ्यात दुपारी सावली पायाशीच येते.

पडझड कशी होते तेही नीट बघण्यासारखं आहे. पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळाचं बी सांध्यात पडतं, जुना चुना ओल धरून ठेवतो, मूळ जाड होत जातं आणि दगड सरकवतं. वरचं खोड तोडून उपयोग नसतो, मूळ पुन्हा फुटतं. त्याहून वाईट म्हणजे सिमेंटचा लेप. आतली ओल चुन्यातून बाहेर पडते, सिमेंटमागे कोंडते आणि मग लेप गिलाव्याचे पोपडे घेऊनच खाली येतो. असा राखाडी ठिगळ कुठल्याही जुन्या वास्तूवर दिसला तर त्याच्या कडेला बघा, खराबी तिथूनच सुरू होते.

जायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात पाणी मिळेल, पण काळी माती पायाला किलो-किलोने चिकटते आणि पांदणीत दुचाकी रुतते. मेमध्ये दहाच्या आत आटपा, डोक्याला दुपट्टा बांधा. टॉर्च न्या. वटवाघळांच्या विष्ठेवरून पाय घसरतो, म्हणून तळ खोबणीदार असलेले बूट घाला. कमानीत आग्या मोहोळ दिसलं तर अत्तर, धूर, आरडाओरडा आणि ड्रोन चारही टाळा. सुटलेल्या कड्यांवर वर चढायचं धाडस करू नका. पायरी भक्कम वाटते, तिच्याखालचा चुना निघून गेलेला असतो.

अमरावतीहून अचलपूरला लागून असलेल्या परतवाड्यापर्यंत एसटी आहे, अंतर ५० किलोमीटरच्या आसपास. पुढे ऑटो ठरवताना जाण्या-येण्याचा आणि थांबण्याचा भाव आधीच बोलून घ्या, कारण शिवारात परतीचं वाहन मिळत नाही. वेळ उरला तर अचलपुरात दुल्हा रहमान शाहांचा दर्गा बघा. गाविलगड मात्र त्याच दिवशी जोडू नका, त्या किल्ल्याला सकाळपासूनचा वेळ द्यावा लागतो.