काकाच्या पंपावर चार्जर बसला

माझा धाकटा काका गोव्यातल्या फोंड्याजवळच्या एका पेट्रोल पंपावर २२ वर्षं काम करतोय. त्या पंपावर कोपऱ्यात हवा भरायचं मशीन होतं ना, तिथे आता गाड्यांचा फास्ट चार्जर बसलाय. चतुर्थीला घरी आला तेव्हा माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधता बांधता मला म्हणाला, "तू सारखं वाचत असतोस, मग सांग बघू, पेट्रोल विकणारी कंपनी स्वतःच विजेचं मशीन कशाला आणून ठेवते? आपलंच गिऱ्हाईक आपणच घालवायचं काय?" तेव्हा मला नीट सांगता आलं नाही, म्हणून आता लिहितोय.

काका, कंपनीचं खरं धन जमिनीखालच्या टाकीत नाही, हायवेवरच्या त्या कोपऱ्यात आहे. गाडी थांबवायला जागा, डोक्यावर छप्पर, रात्रीचा उजेड, बाथरूम, हे सगळं तयार आहे, मग गाडी पेट्रोल पिते का वीज खाते याने त्यांना काय फरक पडतो, ती आपल्याकडेच थांबली म्हणजे झालं. बीपी या ब्रिटिश तेल कंपनीने २०१८ मध्येच इंग्लंडमधली चार्जमास्टर ही चार्जिंगची कंपनी विकत घेतली. शेल या दुसऱ्या तेल कंपनीने २०२२ मध्ये लंडनच्या फुलहॅममधल्या आपल्या पंपावरची पेट्रोलची सगळी मशीनं काढून नुसते चार्जर लावले. आपल्याकडे मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम मिळून तिघांना ७,४३२ फास्ट चार्जिंग स्टेशनांसाठी ८०० कोटी मंजूर केले.

आणि तेल काय फक्त गाडीत जळतं असं थोडंच आहे. क्रूड तापवलं की त्यातून गॅस, नाफ्था (पेट्रोलसारखं पातळ, पटकन पेटणारं तेल), पेट्रोल, डिझेल, खाली डांबर असं सगळं एकदमच निघतं, त्यातलं पेट्रोल तेवढं नको असं म्हणता येत नाही. नाफ्था म्हणजे काय हे गोंयकाराला सांगायला नको, २०१९ च्या ऑक्टोबरात नू शी नलिनी जहाज दोन हजार टनांहून जास्त नाफ्था घेऊन दोनापावलाच्या खडकांवर अडकलं होतं तेव्हा किती दिवस आपला जीव टांगणीला होता! त्याच नाफ्थापासून प्लास्टिकचा कच्चा माल होतो, आणि आता रिफायनऱ्या त्याच बाजूला वळतायत. भारत पेट्रोलियम मध्य प्रदेशातल्या बीनाला प्लास्टिकच्या कच्च्या मालाचा कारखाना आणि रिफायनरीची वाढ यावर ४९,००० कोटींच्या घरात खर्च करणार आहे. तिकडे एक्सॉनमोबिल या अमेरिकी तेल कंपनीने तर २०२३ मध्ये जाहीर केलं की अमेरिकेतल्या आर्कान्सामध्ये जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यातून लिथियम काढणार, म्हणजे बॅटरीचाच माल, आणि बोअर मारायचं कसब तेच, तेलाचं.

पण सगळ्यांनी पेट्रोल सोडलं असं समजू नकोस हां. बीपीने २०२५ च्या फेब्रुवारीत वारा-सौरऊर्जेचा खर्च कापून पुन्हा तेल-गॅसवर जास्त पैसा घालायचं ठरवलं. २०२४ मध्ये आपल्या गोव्यातल्या बेतूलला इंडिया एनर्जी वीक हा ऊर्जा-कंपन्यांचा मेळावा झाला, पंतप्रधान आले होते, तिथेही तेल आणि नवी ऊर्जा दोन्ही एकाच मांडवाखाली होतं. मला यात लबाडी दिसत नाही, इतका अवाढव्य धंदा दोन्ही डगरींवर पाय ठेवूनच चालणार.

माझी काळजी दुसरीकडेच आहे. पंपाचा मालक म्हणजे डीलर, त्याला कमिशन लिटरमागे मिळतं. ते वाढवायला सात वर्षं लागली, २०२४ च्या ऑक्टोबरात पेट्रोलला लिटरमागे ६५ पैसे आणि डिझेलला ४४ पैसे वाढ झाली. त्याच कमिशनातून काकाचा पगार निघतो. आणि देशातलं पेट्रोल जास्त कोण जाळतं तर दुचाकी, २०१३ च्या सरकारी पाहणीत साठ टक्क्यांच्या वर वाटा त्यांचा होता. आपल्या गोव्यात तर पायलट (दुचाकीवरून भाड्याने माणसं नेणारे), रेंट-अ-बाईकवाले, ऑफिसला जाणाऱ्या बायका, सगळ्या स्कुटरीच. ही स्कुटर विजेवर गेली की ती पंपावरच्या चार्जरकडे येणारच नाही, ती रात्री घरच्या प्लगवर लागणार! माझीच बघा, आठ महिने झाले मी काकाच्या पंपावर फक्त त्याला भेटायला जातो. कंपनीने चार्जर बसवले ते मोटारींसाठी, आणि तिथे नोझल धरायला माणूस लागत नाही, गिऱ्हाईक स्वतःच प्लग लावतं आणि मोबाईलवर पैसे भरतं.

कंपन्यांना हे कळत नाही असं नाही, इंडियन ऑइलने सन मोबिलिटीबरोबर बॅटरी बदलून द्यायच्या स्टेशनांसाठी भागीदारी केलीय. पायलटाला दोन तास स्कुटर प्लगला लावून बसायला परवडत नाही, त्याला दोन मिनिटांत भरलेली बॅटरी हवी, आणि तिथे काकासारख्या माणसाला शिकवून घेता येईल असं मला मनापासून वाटतं. करोडोंच्या योजनेत पंपावरच्या या पोरांच्या ट्रेनिंगला दोन पैसे ठेवायला काय हरकत आहे?

काकाला २०१२ अजून आठवतं. मुख्यमंत्री पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट हा कर जवळजवळ काढूनच टाकला, पेट्रोल एका फटक्यात अकरा रुपयांनी उतरलं, सिंधुदुर्ग-बेळगावच्या गाड्याही टाक्या भरून घ्यायला यायच्या, पोरांना जेवायला वेळ नव्हता.

परवा त्याची रात्रपाळी होती. भाड्याची इलेक्ट्रिक गाडी घेऊन एक कुटुंब आलं, दोन लहान मुलं, ॲप उघडेना, रेंज नाही. काकाने स्वतःच्या मोबाईलचं हॉटस्पॉट दिलं, प्लग नीट बसवून दिला, गाडी चार्ज होईपर्यंत त्या पोरांना ऑफिसात पंख्याखाली बसवलं. पाऊण तास गेला त्यात. त्या पाऊण तासाचं कमिशन कुठल्याच लिटरात मोजलं गेलं नाही.