पाचट कुट्टीचं मशीन आणि पूर्वसंमतीची वाट

उसाचा खोडवा, म्हणजे तोडणीनंतर जमिनीत राहिलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटणारं पीक. त्यातलं पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, पेटवायचं नाही, बारीक करून सरीतच ठेवायचं, हे ठरवायला पाच मिनिटं लागली. त्यासाठीचं मशीन अनुदानावर घ्यायला मात्र अख्खा तोडणी हंगाम गेला.

महाडीबीटीवरचा, म्हणजे सरकारी अनुदानाच्या पोर्टलवरचा अर्ज सोपा आहे. फार्मर आयडी काढलेला होता, निवडीचा मेसेजही आला. पुढे सातबारा, आठ-अ, कोटेशन, यंत्राचा तपासणी अहवाल आणि ट्रॅक्टरचं आरसी बुक अपलोड केलं आणि तिथंच गाडं रुतलं. विक्रेत्यानं कोटेशनवर मॉडेल बोलीभाषेतल्या नावानं लिहिलं होतं, अहवालात अक्षरं-आकडे असलेला पूर्ण नंबर. अर्ज परत. दुसरं कोटेशन आणलं, त्यात नंबर बरोबर पण एक आडवी रेघ गाळलेली. पुन्हा परत. तिसऱ्या वेळी अहवालाचं शेवटचं पान स्कॅनमध्ये पुसट. तिन्ही चुका पहिल्याच दिवशी एकदम सांगता आल्या असत्या, पण दर वेळी एकच त्रुटी दाखवायची, असा तिथला शिरस्ता दिसला. म्हणून सांगतो, अहवाल आधी हातात घ्या आणि समोर बसून त्यावरूनच अक्षर न् अक्षर कोटेशन लिहून घ्या.

मधल्या काळात विक्रेता म्हणत होता, ‘मशीन न्या, कागद मागनं बघू.’ हे अजिबात ऐकू नका. बिलाची तारीख पूर्वसंमतीच्या, म्हणजे खरेदीला मिळणाऱ्या सरकारी मंजुरीच्या आधीची असली की अनुदान गेलं. मोका तपासणीला, म्हणजे जागेवर येऊन पाहणी करताना, मशीनवर ठोकलेला नंबर बिलाशी ताडून बघतात, फोटोही काढतात. अल्प-अत्यल्प भूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के, बाकीच्यांना ४० टक्के अनुदान, तेही ठरलेल्या कमाल मर्यादेतच. ट्रॅक्टर घरातल्या दुसऱ्याच्या नावावर असेल तर नात्याचा पुरावा आधीच जोडा.

ऊस कागदासाठी थांबत नाही. ऊसतोडीची टोळी बाहेर पडली की आठ-दहा दिवसांत कोंब वर येतात, मग कुट्टीला घातलेला ट्रॅक्टर तेच तुडवतो. आणि १५ फेब्रुवारीनंतर तुटलेल्या उसाचा खोडवा ठेवण्यात अर्थ नसतो. त्यामुळं पहिल्या वर्षी मशीन भाड्यानं सांगितलं.

कुट्टी सकाळी सुरू करू नका. दवानं ओलं पाचट रोटरला गुंडाळतं आणि पट्टा घसरतो. दहा-अकरानंतर पाचट चुरचुर वाजायला लागलं की चालू करा. सरी साडेचार फुटांची असेल तर चाकं सरीतनं नीट जातात, तीन फुटी सरीत बुडखे चेंगरतात. बांधाकडेचे दगड आधी वेचा, नाहीतर पात्यांचं काही खरं नाही. नंतर बुडखे धारदार कोयत्यानं जमिनीलगत छाटा. वर ठेवले तर कोंब कांड्यावरून फुटतात आणि त्यांना मुळी धरत नाही.

एकरी तीन-चार टन पाचट निघतं. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारं जिवाणू खत. युरिया सोडू नका, कारण कुजवणारे जीव स्वतःसाठी नत्र जमिनीतूनच ओढतात आणि खोडवा पिवळा पडतो. जिवाणू मात्र रासायनिक खतात कालवू नका, शेणखतात मिसळून वेगळे टाका. लगेच पाणी द्या. पहिलं पाणी सरीत अडतं, पुढं सरकायला वेळ घेतं. फावडं घेऊन उभं राहावं लागतं. शेजारी फड पेटवणार असेल तर बांधालगतचा पट्टा आधी भिजवा.

बगला, म्हणजे सरीच्या वरंब्याच्या कडा, फोडायच्या नाहीत, नांगर-कुळव नाही. खत पहारीनं. बुडख्यापासून १०-१५ सेंमीवर, १५-२० सेंमी खोल, दोन भोकांत फूटभर अंतर. निम्मं तोडणीनंतर १५ दिवसांनी, निम्मं १३५ दिवसांनी. एकरी एकूण नत्र १०० किलो, स्फुरद आणि पालाश प्रत्येकी ४६, म्हणजे एका वेळी साधारण १०८ किलो युरिया, १४४ सुपर फॉस्फेट, ३८ पोटॅश. पहार मारायला मजूर कुरकुरतात, पण खुरपणीची मजुरी वाचते ती यात घाला.

हो, एक राहिलंच. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का, ते अर्ज करण्याआधी बघा. मोका तपासणी होऊनही पैसे अडकतात ते इथंच.