आमची वाटचाल : सभागृहाबाहेरचं टेबल

पुस्तक प्रकाशन समारंभात विक्रीचं टेबल लावणं हा आमचा धंदा. ‘याचाही धंदा असतो?’ असं पहिल्या भेटीत बहुतेक जण विचारतात. असतो, आणि पुण्यात तर बारा महिने असतो. पाडवा, दसरा, दिवाळीच्या आधीचे शनिवार-रविवार आणि 27 फेब्रुवारीचा आठवडा यांत तर एका संध्याकाळी दोन सभागृहं सांभाळावी लागतात.

सुरुवात झाली अप्पा बळवंत चौकातल्या वडिलांच्या शालेय पुस्तकांच्या दुकानातून. जून-जुलैची झुंबड ओसरली की दुकानात माश्या मारायच्या. मग ओळखीचे प्रकाशक बोलावतील तिथे, कधी टिळक रस्त्यावर साहित्य परिषदेत, कधी एस. एम. जोशी सभागृहात, गठ्ठे घेऊन जायचो. समारंभ आत चालायचा, आम्ही बाहेर पेपर वाचत बसायचो.

धंद्याची खरी दिशा मिळाली 21 जुलै 2007 ला. हॅरी पॉटरचा सातवा आणि शेवटचा भाग त्या शनिवारी जगभर एकदम विक्रीला आला. एका मोठ्या दुकानात मी जादा हात म्हणून गेलो होतो. खोकी सीलबंद, ठरल्या वेळेआधी फोडायची नाहीत अशी सक्त ताकीद. बाहेर सकाळी सकाळी पोरांची रांग, अंगात काळे झगे, हातात काठ्या, मागे जांभया देणारे आईबाप. समई नाही, अध्यक्ष नाही. पुस्तक हातात पडताच पोरं पायऱ्यांवर बसून वाचायला लागली. कुणी शेवट सांगेल म्हणून एक मुलगी कानात बोटं घालूनच बसली होती.

आपल्याकडे मात्र उलटा प्रकार. सहाला लोक उत्साहानं येतात, चहा घेतात, आणि पुढचे दोन तास ज्याच्यासाठी आले ते पुस्तकच त्यांना दिसत नाही. प्रकाशनाआधी प्रत विकायची नाही, हा अलिखित नियम. विक्री सगळी आभारप्रदर्शनानंतर, म्हणजे निम्म्यांना घरी पळायची घाई असताना. शेवटचा वक्ता ‘मी फार वेळ घेणार नाही’ म्हणाला की आमचा गल्ला हलका होणार हे ठरलेलं.

नियम न मोडता आम्ही वाट काढली. चहाच्या वेळी सवलतीत पैसे घ्यायचे आणि कुपन द्यायचं. मंचावर रिबीन सुटली की आमची पोरं गठ्ठे घेऊन रांगारांगांतून फिरतात आणि पाच मिनिटांत कुपनवाल्यांच्या हातात पुस्तक. वक्त्यानं पानाचा आकडा सांगितला की सगळ्या सभागृहात पानं उलटल्याचा आवाज होतो. तो ऐकायला मी आवर्जून आत जातो. एका अध्यक्षांनी तक्रार केली की लोक ऐकायचे सोडून वाचताहेत. लेखक खूश होता.

रिबिनीचंही सांगतो. पूर्वी मंचावरच्या प्रती चंदेरी कागदात गुंडाळून चिकटपट्टीनं बंद केलेल्या असत. पाहुणे नखांनी खरवडत बसायचे, फोटोग्राफर ताटकळायचा. आमच्या घरच्यांनी साटीनच्या फितीची सुरगाठ सुरू केली, एक टोक ओढलं की सगळं मोकळं. स्वाक्षरीच्या रांगेत प्रत्येकाचं नाव चिठ्ठीवर लिहून पहिल्या पानात खोचायची कल्पनाही त्यांचीच. लेखकाला दर वेळी ‘दीपा ऱ्हस्व की दीर्घ?’ विचारावं लागत नाही.

या धंद्यातली सगळ्यात मोठी धाकधूक म्हणजे बाइंडर. चारला येणारे गठ्ठे सव्वापाचला रिक्षातून उतरतात, डिंकाच्या वासासकट. पावसाळा असेल तर लॅमिनेशन केलेली कव्हरं वर वळलेली. अशा वेळी आम्ही सभागृहातल्याच जाड शब्दकोशांखाली ती दाबून ठेवतो. साहित्य संस्थेत जड पुस्तकांची वानवा नसते.

नोव्हेंबर 2016 मध्ये नोटाबंदी आली. लोकांकडे पाचशेच्या जुन्या नोटा, आमच्याकडे सुट्टे नाहीत. आम्ही वहीत नावं लिहून पुस्तकं दिली. पुस्तकवाला माणूस उधारी बुडवत नाही असं वडील म्हणत, ते जवळजवळ खरं निघालं. आता क्यूआर कोड आहे, सुट्ट्यांची कटकट मिटली. 2020 मध्ये सगळंच ऑनलाइन गेलं. लेखक घरात बसून कॅमेऱ्यासमोर रिबीन सोडायचे, आणि आम्ही सही केलेल्या प्रती पोस्टानं पाठवायचो. धंदा तगला, पण मजा नव्हती. सभागृहं उघडल्यावर पहिल्या काही कार्यक्रमांना लोक पुस्तकापेक्षा एकमेकांना भेटायला आले, तरी विक्री जोरात झाली.

डिसेंबर 2023 मध्ये फर्ग्युसनच्या मैदानावर पहिला पुणे पुस्तक महोत्सव भरला. तिथली तरुण गर्दी पाहून मुलगा हट्टाला पेटला, की बालपुस्तकांची प्रकाशनं वेगळ्या पद्धतीनं करायची. खुर्च्या काढून सतरंज्या, वेळ दुपारी चारची, भाषण शून्य. लेखिका गोष्ट अर्ध्यावर वाचून थांबते. पुढे काय झालं हे हवं असेल तर टेबलापाशी यायचं. पहिल्याच खेपेला रांग सभागृहाच्या जिन्यापर्यंत गेली. एका प्रकाशकानं हा प्रकार मोठ्यांच्या कादंबरीसाठी करून मागितलाय. अध्यक्षांना काय सांगायचं, एवढंच अजून ठरायचंय.