गोब्लिनचा आवाज आणि माझा बसलेला घसा

रविवारी सकाळी आईचा फोन आला. मी 'हॅलो' म्हणायला तोंड उघडलं तर आतून नुसती हवा आली. कारण काय सांगणार? आदल्या रात्री साडेतीन तास मी सहा गोब्लिन (गोष्टींतले बुटके, उपद्रवी राक्षस), एक खत्रूड खानावळवाला आणि एक म्हातारी चेटकीण होतो.

आम्ही पाच जण शनिवारी कोथरूडला एका मित्राकडे डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांचा हा खेळ, १९७४ सालचा. टेबलाभोवती बसून सगळ्यांनी मिळून एक गोष्ट बोलत रचायची, आणि पात्राला एखादी गोष्ट जमली की नाही ते फासा टाकून ठरवायचं. चौघं एकेक पात्र घेतात आणि पाचवा होतो डीएम, म्हणजे डंजन मास्टर, खेळ चालवणारा. उरलेलं अख्खं जग त्याच्या बोकांडी: राजा, चोर, भिकारी, रस्त्यात भेटलेला गाढववाला, सगळ्यांचं बोलणं त्यानंच करायचं. आमच्यात डीएम मी, कारण नियम वाचायचे कष्ट बाकी कुणी घेतले नव्हते.

यूट्यूबवर डबिंग कलाकारांचे खेळ बघून मी ठरवलं होतं, प्रत्येकाला वेगळा आवाज द्यायचा. गोब्लिन म्हणजे घशातून खरवडून काढलेली गुरगुर. पहिल्या अर्ध्या तासात सगळे हसले. मला चेव चढला.

घसा तीन दिवसांत सुटला नाही तेव्हा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. गोब्लिनचं त्यांना सांगावं लागलंच. हसल्या नाहीत, हे विशेष. म्हणाल्या, असं गुरगुरताना स्वरतंतूंच्या वरचा भागही आवळला जातो आणि सगळंच एकमेकांवर घासतं. पाणी प्या, गप्प बसा, आणि कुजबुजूसुद्धा नका. मी दोन दिवस आवाज जपायचा म्हणून कुजबुजतच होतो! कुजबुजण्यानंही घशाला ताण पडू शकतो, हे तेव्हा कळलं.

मग सोपा रस्ता शोधला: बोली. घसा ताणायची गरजच नाही. पुढच्या शनिवारी पुलाखालचे लुटारू वऱ्हाडीत बोलले. आमच्यातला एक जण अकोल्याचा. तो थोडा वेळ फासा हातात घोळवत राहिला आणि म्हणाला, "काऊन बे, आमच्याकडचे लोक चोरच असतात का?" गमतीत म्हणाला, पण पूर्ण गमतीत नाही. आणि खरंच, माझ्या जगातले सरदार आणि पुजारी सगळे सदाशिव पेठेतून आल्यासारखे शुद्ध बोलत होते. ते मी ठरवून केलं नव्हतं, म्हणून जास्तच लागलं. आता बोली कुणालाही देतो, फक्त चोरांना नाही. शहराचा न्यायाधीश वऱ्हाडी बोलतो. त्याची वाक्यं आधी अकोल्याला तपासायला जातात.

मे महिन्यात गावी गेलो, सिंधुदुर्गात, तिथे दशावतार बघितला. लहानपणापासून बघतोय, पण या वेळी चोरासारखा बघितला. लिहिलेली संहिता नाही, संवाद तिथल्या तिथे रचतात, म्हणजे आमचंच काम. राजा झालेला नट आवाज फारसा बदलत नव्हता. तो थांबत होता. एक वाक्य, मग पायपेटीचा सूर, मग मान वळवणं, मग पुढचं वाक्य. वाट बघायला लावतो तो राजा. संकासुराला, म्हणजे त्यातल्या विनोदी राक्षसाला, तेवढी उसंतच नाही, त्याचं मालवणी एकामागून एक सुटतं.

परत आल्यावर कार्डं केली. प्रत्येक पात्राला तीनच नोंदी: वेग, अंग, आणि त्याला काय हवंय. खानावळवाला: भरभर, नजर सतत गल्ल्याकडे, 'यांनी पैसे देऊन लवकर उठावं'. चेटकीण: सावकाश, मान एका बाजूला, 'कुणीतरी बसून बोलावं'. आवाज माझाच, जेमतेम सूरभर वरखाली. गंमत म्हणजे मान कलली की तो आपोआप बदलतो. गोब्लिनांच्या कार्डावर 'भूक' एवढंच आहे. ते आता गुरगुरत नाहीत, वाक्य पुरं व्हायच्या आत समोरच्याच्या पिशवीकडे बघतात.

फजिती होते ती माझीच दोन पात्रं एकमेकांशी बोलायला लागली की. एकदा राजा आणि सेनापती पाच मिनिटं भांडले, म्हणजे मी एकटाच भांडलो, आणि चौघं चिवडा खात बघत बसले. आता अशा वेळी सरळ सांगतो, "दोघांची जुंपते, शेवटी सेनापती दार आपटून जातो." २०१४ च्या नियमपुस्तकात तर पात्र होऊन बोला किंवा पात्र काय म्हणतं त्याचं वर्णन करा, दोन्ही चालतं असं स्पष्ट दिलंय. हे मी वाचलंही होतं. आमच्यातली एक मैत्रीण कायम 'माझी वॉरियर त्याला दम देते' असंच म्हणते आणि वीस बाजूंचा फासा टाकते. तिचा दम माझ्या सगळ्या आवाजांहून जास्त बसतो.

परवाच्या शनिवारी ड्रॅगन येतोय. कार्डावर वेग लिहिलाय, 'अतिशय सावकाश'. अंग, 'अजिबात हलायचं नाही'. तिसरी ओळ अजून कोरी आहे. सोनं हवंय असं लिहिलं होतं, खोडलं.