विंडोज ११ टाकलं आणि माझं मराठी टायपिंग बंद पडलं

१३ सप्टेंबरला, शनिवारी दुपारी, दिवाळी अंकाच्या ४३व्या पानावर मला एक ऱ्हस्व वेलांटी दीर्घ करायची होती. शब्द ‘दृष्टि’. अंक काढणाऱ्या सरांनी प्रूफवर लाल पेनने गोल केला होता. फाइल उघडली होती, पान जसंच्या तसं दिसत होतं, एक काना हललेला नव्हता. पण दीर्घ वेलांटीची की दाबली की तिथे भलतंच अर्धं अक्षर येऊन बसायचं. पुसायचं, पुन्हा दाबायचं, पुन्हा तेच. हात सत्तावीस वर्षांच्या सवयीने बरोबर की वर जात होता आणि पडद्यावर कचरा उमटत होता. त्या क्षणी पोटात जो गोळा आला तो अजून आठवतो, कारण १६० पानांचा अंक, म्हणजे १६ पानांचा एक असे छपाईचे १० फर्मे, आणि त्यातले सहा अजून प्रूफात होते.

मी कराडला डीटीपीचं, म्हणजे कम्प्युटरवर छपाईची पानं लावायचं काम करते. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, शाळांची स्मरणिका, आणि दरवर्षी हा एक दिवाळी अंक. १९९८ पासून. माझं सगळं जुनं काम पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि सगळं एका मराठी फॉन्ट सॉफ्टवेअरवर बसलेलं आहे, जे मी २००७ मध्ये रोख पैसे मोजून घेतलं. त्याच्याबरोबर एक यूएसबी लॉक येतं. बोटाच्या पेराएवढं, हिरवं. ते लावलं तरच कीबोर्ड मराठी बोलतो.

मशीन बदललं नाही, फक्त विंडोज बदललं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार, मग बँकेचं आणि जीएसटीचं काम त्यावर करणं धोक्याचं, असं जो तो सांगत होता. २०१८ चं मशीन, आठव्या पिढीचा प्रोसेसर, म्हणजे विंडोज ११ ला चालणारं. विसर्जन झाल्यावर सोमवारी हार्डवेअरवाला मुलगा आला, रॅम ४ ची ८ जीबी केली, सी ड्राइव्ह फॉरमॅट मारला आणि दोन तासांत नवीन विंडोज टाकून गेला. त्याच्या कामाबद्दल माझी तक्रार नाही. पेजमेकर ७ सुद्धा थोडी कुरकुर करून सुरू झालं. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटीत विंडोज एक्सपी निवडायचं आणि ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’वर टिक करायची. २००१ सालचं सॉफ्टवेअर आहे ते, चाललं हेच खूप. त्याला डिफॉल्ट प्रिंटर लागतो, नसेल तर पानं नीट उघडत नाहीत, एवढं लक्षात ठेवा.

अडलं ते फॉन्टच्या सॉफ्टवेअरवर. सीडी घातली, सेटअपवर डबल क्लिक केलं, तर निळी चौकट आली की हे अॅप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही. मुलाला फोन केला. तो म्हणाला, “ताई, कम्पॅटिबिलिटी मोड लावा.” लावला. तेच. मग त्याने संध्याकाळी येऊन ड्रायव्हरची, म्हणजे लॉक आणि विंडोजला जोडणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची, सही तपासणं बंद करून मशीन सुरू केलं. तरी तेच.

कारण मला आठवड्याने नीट कळलं, आणि हे आधी कळलं असतं तर मी फॉरमॅटला हातच लावू दिला नसता. २०१८ मध्ये मशीन घेतलं तेव्हा त्या वेळच्या माणसाने माझी जुनी सॉफ्टवेअरं बघून मुद्दाम ३२-बिटचं विंडोज १० टाकलं होतं. मी ते विसरून गेले होते. १६, ३२ आणि ६४-बिट या विंडोजच्या एकामागून एक आलेल्या पिढ्या समजा. विंडोज ११ ३२-बिटमध्ये येतच नाही, फक्त ६४-बिट. आणि ६४-बिट विंडोजवर १६-बिटचा प्रोग्रॅम अजिबात चालत नाही. माझ्या फॉन्ट सॉफ्टवेअरचा सेटअप १६-बिटचा, आणि लॉकचा ड्रायव्हर ३२-बिटचा. ६४-बिट विंडोजला ६४-बिटचाच ड्रायव्हर लागतो, सही असो वा नसो. कम्पॅटिबिलिटी मोड प्रोग्रॅमला एवढंच सांगतो की तू जुन्या विंडोजवर आहेस. १६-बिटचा कोड चालवण्याची ताकद त्याच्यात नाही. म्हणजे त्या मुलाने आणि मी जे चार दिवस घालवले ते सगळे वायाच जाणार होते.

ज्यांनी अजून अपग्रेड केलेलं नाही त्यांनी आज, हे वाचून झाल्या झाल्या, सेटिंग्जमध्ये सिस्टीम आणि तिथे अबाउट उघडून ‘सिस्टीम टाइप’ बघा. तिथे ३२-बिट ऑपरेटिंग सिस्टीम लिहिलं असेल तर थांबा. ३२ वरून ६४ वर सरळ अपग्रेड होत नाही, सगळं पुसून नव्याने टाकावं लागतं, आणि मग मागे फिरायचं बटण राहत नाही.

फॉन्टच्या फाइल्स मात्र टाकता आल्या, कारण टीटीएफ, म्हणजे फॉन्टची साधी फाइल, सगळीकडे चालते. म्हणूनच पानं दिसत होती. दिसतंय पण लिहिता येत नाही. समोर घर दिसावं आणि किल्ली हरवलेली असावी, तसं.

१५ सप्टेंबरला मी फॉन्टच्या कंपनीला पहिला फोन केला. सीडीच्या कव्हरवरचा नंबर बंद. वेबसाइटवरचा लागला. एका मुलीने रजिस्ट्रेशन नंबर विचारला, दिला. लॉकवरचा नंबर विचारला. तो इतका पुसलेला की मी लॉक काढून बॅटरीच्या उजेडात तिरका धरून वाचला, एक आकडा ३ की ८ ते शेवटपर्यंत कळलं नाही. ती म्हणाली, “मॅडम, टेक्निकलकडून उद्या कॉल येईल.” उद्या आला नाही. परवाही नाही. मी रोज सकाळी साडेदहाला, दुकान झाडून झालं की, फोन लावायचे. रोज नवीन माणूस, रोज पहिल्यापासून सांगायचं. एकाने २००७ चं बिल मागितलं. मी ट्रंकेतून बिल काढलं, थर्मल कागद नव्हता म्हणून टिकलं होतं, त्याचा फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी कळलं की ज्या डीलरचा शिक्का आहे तो आता त्यांचा डीलर नाही, त्यामुळे ‘व्हेरिफाय’ करावं लागेल. किती दिवस? सांगता येत नाही.

आठव्या दिवशी एक गृहस्थ नीट बोलले. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. जुन्या व्हर्जनला विंडोज ११ साठी काहीही मिळणार नाही, नवीन व्हर्जन घ्या, साडेअठरा हजार. आणि जुन्याच्या बदल्यात सवलत हवी असेल तर लॉक आधी कुरिअरने जमा करा. मी विचारलं, “लॉक तुमच्याकडे आणि नवीन आलं नाही तर मी काम कशावर करू?” ते म्हणाले, “प्रोसेस तशीच आहे, मॅडम.” मी पुढे विचारलं, नवीन व्हर्जनमध्ये माझ्या जुन्या फाइल जशाच्या तशा उघडतील का? तर म्हणाले, नवीन फॉन्टमधली अक्षरांची जागा वेगळी आहे, कन्व्हर्टर वापरावा लागेल, ओळी थोड्या सरकतील.

ओळी थोड्या सरकतील! लग्नपत्रिकेत एक ओळ सरकली तर मामांचं नाव खालच्या रांगेत जातं आणि घरात भांडण होतं. १६० पानांत ओळी सरकल्या तर अनुक्रमणिका खोटी ठरते.

मला राग पैशांचा नव्हता. वस्तू मी विकत घेतलीय, बिल माझ्या हातात आहे, लॉक माझ्या टेबलावर आहे, तरी मला माझ्याच भाषेतली एक वेलांटी टाकता येत नाही आणि त्यासाठी मी रोज साडेदहाला कुणाची तरी विनवणी करायची, याचा राग होता. अजून आहे.

तोवर काम थांबवता येत नव्हतं. मग मी काय केलं ते सांगते, कारण अडीअडचणीला उपयोगी पडेल. या जुन्या फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराला इंग्रजी अक्षरांच्याच जागा दिलेल्या असतात. म्हणून ऑल्ट दाबून उजवीकडच्या आकड्यांवर शून्यापासून सुरू होणारा चार आकडी कोड टाकला की ते अक्षर येतं. मी विंडोजच्या कॅरेक्टर मॅपमध्ये फॉन्ट उघडून वहीच्या पाठच्या पानावर तक्ता केला: दीर्घ वेलांटी, रफार, अनुस्वार, अर्धा श, अर्धा त. ‘दृष्टि’ची ‘दृष्टी’ तशी झाली. जिथे कोड जुळेना तिथे दुसऱ्या पानावरून अक्षर कॉपी करून आणायचं. ‘कर्तृत्व’मधला रफार मी ‘निसर्ग’वरून उचलला. एका फर्म्याच्या दुरुस्त्यांना दोन तास लागायचे तिथे दोन दिवस लागले. मान आखडली, डोळे झोंबायला लागले, पण दोन फर्मे गेले.

सर रोज संध्याकाळी यायचे. एकदा म्हणाले, “ताई, युनिकोडमध्ये का नाही करत सगळं?” युनिकोड म्हणजे सगळ्या कम्प्युटरवर चालणारी अक्षरांची एकच पद्धत. करते आहे, आता करतेच आहे, पण सप्टेंबरमध्ये ते शक्य नव्हतं. जुन्या फॉन्टमध्ये ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी आणि क नंतर असतो, युनिकोडमध्ये क आधी. रफाराचं उलटं: जुन्यात तो शेवटी, युनिकोडमध्ये ‘र्’ आधी. कन्व्हर्टर इथेच अडखळतो. मी अंकातली एक कथा कन्व्हर्ट करून बघितली तर ‘सूर्याच्या’ आणि ‘दुसऱ्या’ या शब्दांचे हाल झाले. प्रत्येक पान पुन्हा वाचावं लागलं असतं.

सुटका झाली ती २८ सप्टेंबरला. नवरात्रात भाचा पुण्याहून आला होता. त्याने दहा मिनिटं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मावशी, कम्प्युटरच्या आत जुना कम्प्युटर बसवू.” व्हर्च्युअलबॉक्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात विंडोज ११ च्या आतच एका खिडकीत ३२-बिटचं विंडोज १० चालवता येतं. त्यासाठी बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, व्हर्च्युअलायझेशन सुरू करावं लागतं, आणि आतल्या विंडोजला वेगळं लायसन्स लागतं, ते मी घेतलं. त्याला २ जीबी रॅम दिली. १६-बिटचा सेटअप चालवल्यावर विंडोजने एनटीव्हीडीएम नावाचा, १६-बिटचे प्रोग्रॅम चालवणारा भाग उतरवायचा का विचारलं, हो म्हटलं, आणि सेटअप सुरू झाला. मला त्या जुन्या निळ्या पडद्याकडे बघून भरून आलं.

शेवटी लॉक. व्हर्च्युअलबॉक्सच्या यूएसबी सेटिंगमध्ये लॉकचं नाव निवडून फिल्टर टाकावा लागतो, म्हणजे बाहेरचं विंडोज त्याला सोडतं आणि आतलं उचलतं. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदाही नाही. मग भाच्याने लॉक पुढच्या पोर्टमधून काढून मागच्या, मदरबोर्डवरच्या पोर्टमध्ये लावलं. एकदा लुकलुकलं आणि मग आतला बारीक लाल दिवा स्थिर झाला. मी पेजमेकर उघडलं आणि पहिला शब्द टाइप केला तो ‘श्री’. उमटला.

मी त्याला जेवायला बसवलं आणि ताट वाढून पुन्हा मशीनवर गेले. ३ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, शेवटचा फर्मा छपाईला दिला. वसुबारसेच्या आदल्या दिवशी अंक बांधून आला. ४३व्या पानावर ‘दृष्टी’ दीर्घ आहे.

आठवलं तसं सांगते. आतल्या विंडोजचं नेट काम झालं की बंद ठेवा, त्याला आता नोंदणीशिवाय अपडेट मिळत नाहीत. फाइलींची ने-आण शेअर्ड फोल्डरमधून करा, पेन ड्राइव्हचा खेळ करू नका. फॉरमॅटच्या आधी सी ड्राइव्हची संपूर्ण इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, फक्त डी ड्राइव्हवर फाइल आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. मी राहिले होते. लॉकवरचा नंबर आजच लिहून ठेवा, पुसायच्या आत. कुणी सांगितलं की पेजमेकरच्या फाइल इनडिझाइनमध्ये उघडतील, तर विचारा कुठल्या इनडिझाइनमध्ये: सीएस६ पर्यंतचं उघडतं, नंतरचं नाही. आणि मला फार उशिरा कळलेली गोष्ट अशी की विंडोज १० ला ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या अपडेट मिळवण्याची सोय आहे, नोंदणी करावी लागते. ते माहीत असतं तर मी दिवाळी होऊ दिली असती आणि मग हात घातला असता. कुणी घाई करत असेल तर त्याला आधी हे सांगा.

लॉक आता मागच्याच पोर्टला आहे, वरून टेप, आणि टेपवर मार्करने ‘हात लावू नये’. रोज दुपारी दोन ते चार मी जुने अंक युनिकोडमध्ये घेते आहे, २०१२ पर्यंत आले. रफार एकेक बघावे लागतात. कंपनीच्या टेक्निकलचा फोन १२ नोव्हेंबरला आला. त्या बाईंनी विचारलं, “मॅडम, तुमचा प्रॉब्लेम काय होता?” मी त्यांना म्हटलं की लॉक मी पाठवणार नाही, आणि फोन ठेवून पुढचं पान उघडलं.