प्रिंटर, गुरुवार आणि टीव्ही

आमच्या प्रिंटरने गुरुवार धरलेत असं बाबा (माझे सासरे) दोनतीन महिने म्हणत होते आणि मी हसण्यावारी नेत होते. आता कळतंय की अख्ख्या घरात एकटे तेच बरोबर होते.

म्हणजे बघा, लेकाला नेहमीप्रमाणे रात्री साडेनऊला आठवतं की उद्या प्रोजेक्ट द्यायचाय, मी लॅपटॉपवरून प्रिंट देते, तर स्क्रीनवर 'ऑफलाइन'. प्रिंटरवरचा वायफायचा निळा दिवा मात्र ठणठणीत पेटलेला. मग प्रिंटर बंद करून चालू, राउटर बंद करून चालू, कधी ह्याने जमायचं कधी नाही, आणि जमलं की आपल्याला वाटतं आपणच दुरुस्त केलं. ड्रायव्हर (लॅपटॉपला प्रिंटर चालवायला लागतं ते सॉफ्टवेअर) तीनदा काढून टाकला. नवऱ्याचं एकच पालुपद, "अगं तो फाइव्ह गिगाहर्ट्झ पकडत नाही." ते खरंच होतं म्हणा, वायफायच्या दोन पट्ट्या असतात, घरगुती प्रिंटर बरेचसे २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात आणि आमचा राउटर दोन्ही पट्ट्या एकाच नावाने सोडत होता, म्हणून त्याने दोन वेगळी नावं करून दिली, प्रिंटरही लोखंडी कपाटाच्या आडून काढून हॉलमध्ये आणला. फरक शून्य. फक्त हॉलमधली जागा गेली.

खरी गोष्ट डोळ्यासमोर होती ती अशी की मोबाइलवरून प्रिंट कायम यायची! लॅपटॉप ऑफलाइन म्हणतोय आणि त्याच क्षणी मोबाइलवरून दिलेला कागद बाहेर येतोय. मग वायफाय तुटलं कुठे? आम्ही 'चला, आली ना एकदाची' म्हणून सोडून द्यायचो.

शेवटी एका शुक्रवारी सकाळी वैतागून प्रिंटरमधून त्याचं नेटवर्कचं पान छापलं (आमच्यात दोन बटणं एकदम दाबली की येतं, मॉडेलप्रमाणे वेगळं असतं). त्यावर पत्ता (राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला देतो तो नंबर) होता १९२.१६८.१.११. आणि लॅपटॉपमध्ये प्रिंटर प्रॉपर्टीजमधे पोर्ट्स उघडलं (लॅपटॉप कुठल्या पत्त्यावर प्रिंट पाठवतो ते तिथे दिसतं) तर तिथे १९२.१६८.१.७. म्हणजे प्रिंटर जागच्या जागी होता, लॅपटॉप बिचारा जुन्या पत्त्यावर जाऊन दार वाजवत होता. मोबाइल दरवेळी नेटवर्कवर हाका मारून प्रिंटर शोधतो म्हणून त्याला पत्ता बदलल्याचं काही नाही, पण लॅपटॉपवर प्रिंटर बसवताना कोणीतरी (मीच असेन) आकडा टाकून ठेवला होता.

मजा म्हणजे मी आधी त्या .७ ला पिंग करून (म्हणजे त्या पत्त्यावर कोणी आहे का अशी हाक मारून) बघितलं होतं आणि उत्तर आलं होतं, म्हणून तो संशय मी सोडलाच होता. राउटरच्या यादीत पाहिलं तर .७ वर आमचा टीव्ही! इतके दिवस लेकाचे प्रोजेक्ट मी टीव्हीला पाठवत होते. बाबा म्हणाले, "मग त्याने एकदाही दाखवले कसे नाहीत?"

आता गुरुवारचं. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. लाइट गेली की राउटर बंद, आणि आमच्या राउटरला कोणाला कुठला नंबर दिला होता ते परत चालू झाल्यावर आठवत नाही. लाइट आली की टीव्ही लगेच नंबर घेऊन मोकळा, प्रिंटर आम्ही रात्री लागेल तेव्हा चालू करणार, तोवर त्याचा नंबर गेलेला. एसटीत रुमाल न टाकता खाली चहाला उतरल्यासारखं.

उपाय पाच मिनिटांचा निघाला ह्याचाच जास्त राग आला. ब्राउझरमधे १९२.१६८.१.१ टाकून राउटरमधे गेले, तिथे अॅड्रेस रिझर्व्हेशन म्हणून असतं, त्यात प्रिंटरचा मॅक अॅड्रेस (म्हणजे त्याचा स्वतःचा ओळखक्रमांक, त्याच छापलेल्या पानावर असतो, अंक-अक्षरांच्या सहा जोड्या) टाकून त्याच्या नावाने .५० कायमचा राखून ठेवला. मग लॅपटॉपवर पोर्ट्समधे अॅड पोर्ट, स्टँडर्ड टीसीपी/आयपी, तोच .५०. तिथेच कॉन्फिगर पोर्टमधे एसएनएमपी स्टेटसची टिक असते (तिने लॅपटॉप प्रिंटरला त्याची खुशाली विचारत राहतो) तीही काढली, कारण त्या टिकेमुळे कधीकधी चांगला चालू प्रिंटरसुद्धा ऑफलाइन दाखवतो. राउटरचा पासवर्ड शोधण्यात गेला अर्धा तास तो वेगळा, तो राउटरच्या बुडाशी स्टिकरवर होता.

त्यानंतर चार गुरुवार गेले, दोनदा दिवसभर लाइट नव्हती, प्रिंट रात्री पहिल्या फटक्यात. प्रिंटर झोपलेला असला तर पहिल्या कागदाला अजून अर्धा मिनिट लावतो, तेवढं चालवून घेतोय. आणि तो पुन्हा कपाटाजवळ गेलाय, हॉल मोकळा.